ट्यूनरचा सेल

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सानूला उचलायला म्हणून धनश्री सामानाच्या खोलीत आली, आणि गादीवरचं ते झाकण बघून ती दारातच थबकली.

रुपयाएवढं काळं झाकण. शेजारी कल्याणचा वाद्याचा सूर तपासायचा ट्यूनर उताणा पडलेला, पाठ उघडी, आतली गोल खोबण रिकामी. आणि या दोन्हींच्या मधे पाय पसरून अकरा महिन्यांची सानू बसलेली. हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ती तोंड मिटून काहीतरी चघळल्यासारखं करत होती.

"सानू, आ कर. आ कर गं बाळा."

सानूनं आ केला तो रडायलाच. चार दात, लालबुंद हिरड्या, ओली जीभ. दुसरं काही दिसलं नाही. रडता रडता ती खोकली. एकदाच खोकली, पण तो खोकला धनश्रीच्या कानात जाऊन बसला.

"अहो! इकडं या! आत्ताच्या आत्ता या!"

कल्याण अंगणात मोबाईल स्टँडला लावत होता. तो वायर हातात घेऊनच धावत आला.

"यातला सेल कुठाय?"

"असेल की त्यातच."

"नाहीये! झाकण इथं पडलंय. तुम्ही उघडला होता का?"

"मी कशाला उघडू? सकाळी तर चांगला चालू होता." त्यानं ट्यूनर उलटासुलटा करून पाहिला, आणि मग त्याचंही तोंड उतरलं. "धनू, म्हणजे हिनं..."

"किती मोठा असतो तो?"

कल्याणनं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, चपटा, चकचकीत.

तेवढ्यात धनश्रीच्या सासूबाई, लंकाबाई, पदराला हात पुसत आल्या. "काय गं, एवढं वरडाया काय झालं?"

"आई, सानूनं सेल गिळला असेल. तुम्ही तिला इथं कधी बसवलं?"

"तू न्हाया गेलीस तवा. धा मिन्टं बसवली आसंल. कापडं तेवढी पिळून घेतली." त्यांनी सानूच्या गालावरून हात फिरवला. "मंग एवढं काय? ह्या कल्यान्यानं ल्हानपनी चाराण्याचं नाणं गिळलं हुतं. दोन केळी चारली, दुसऱ्या दिशी भायेर. थांब, केळं आनते."

"काही द्यायचं नाही!" धनश्री इतक्या जोरात ओरडली, की सानू रडायची थांबली. "ते नाणं नव्हे आई. घशात अडकलं की आतून जाळतं. दोन तासांत भोक पडतं."

"आता गं! तिच्या तोंडात काय इस्तू हाय का, जळाया?"

दारात सालेम उभा होता. हातातलं ऊद नावाचं तंतुवाद्य त्यानं भिंतीला टेकवलं. पोट फुगलेलं, मान मोडून मागं वाकवल्यासारखं ते वाद्य लंकाबाईंना पहिल्या दिवसापासून भोपळ्यासारखंच दिसत आलं होतं. सालेम येमेनचा. नगरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मेसमधल्या पोरांकडून शिकलेलं मराठी बोलायचा.

"आजी, वहिनी बरोबर बोलते," तो म्हणाला. "काही नाही द्यायचा. पाणी पण नाही. लगेच डॉक्टर."

"आता ह्यो बी तिच्याच बाजूचा," लंकाबाई पुटपुटल्या. पण केळं आणायला गेल्या नाहीत.

पाच मिनिटं शोधायचं असं ठरलं, आणि धनश्रीनं ती घड्याळ लावून मोजली. गादी झटकली. उशीचा अभ्रा उलटा केला. खोलीत चाळीस वर्षांच्या बँडचा पसारा होता: ढोल, झांजा, वरातीतले दिव्यांचे खांब, भिंतीवर टांगलेले लाल कोट. कल्याणनं मोठ्या भोंग्यात हात घालून पाहिला. सालेम पालथा पडून मोबाईलच्या उजेडात कपाटाखाली बघत होता. तिथून क्लारनेटची एक मोडकी पत्ती, दोन बटणं आणि सानूचा हरवलेला खुळखुळा निघाला. सेल निघाला नाही.

"झाली पाच मिनिटं," धनश्री म्हणाली. "गाडी काढा."

सानू रांगायला लागली त्याच आठवड्यात तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. शेंगदाणे, नाणी, सुया, पिशव्या, बटणं. या कागदाची घरात फार चेष्टा झाली. सासरे म्हणाले होते, "सूनबाई, ह्यात माजं बी नाव लिव." मायक्रोबायॉलॉजी शिकलेली सून सगळीकडं जंतूच बघते, असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. धनश्रीला कशाचं काही वाटलं नव्हतं. पण आता ओम्नीत बसताना ती पुन्हा पुन्हा तो कागद आठवत होती. सेल त्यात होता का? घड्याळाचा होता. रिमोटचा होता. ट्यूनरचा तिनं लिहिला नव्हता.

अंघोळीला पंचवीस मिनिटं. केस धुवायचे काय अडलं होतं आजच?

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सानूला नीट तपासलं. छाती ऐकली, टॉर्च लावून घसा पाहिला. "श्वास चांगला आहे. पण एवढ्यावरून सांगता येत नाही. एक्स-रे लागेल, आणि आमचं मशीन सकाळपासून बंद पडलंय. दौंडला जा, मी फोन करून ठेवते. खायला काही देऊ नका, उलटी करायला लावू नका. आणि रस्त्यात वेळ घालवू नका."

"तिथं दिसला तर?"

"मग पुणे. दुर्बीण घालून काढतात." त्यांनी धनश्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "नसेलही. निघा तुम्ही."

दोन वाजून चाळीस मिनिटं. धनश्रीनं हिशोब मांडला. ती न्हाणीत गेली पावणेदोनला. म्हणजे पावणेचारच्या आत. दौंड पंचवीस किलोमीटर. पुण्याचा हिशोब तिनं मांडलाच नाही.

काष्टीच्या रस्त्याला दोन्हीकडं तोडून झालेल्या उसाची काळी रानं होती. उन्हानं काच तापली होती. सानू मांडीवर आडवी होऊन मुठी चोखत होती, आणि धनश्रीनं दोन बोटं तिच्या छातीवर ठेवली होती. वर, खाली. वर, खाली. मधेच एखादा श्वास लांबला की धनश्रीचा स्वतःचा श्वास अडकायचा.

"आबांना फोन लावा ना," ती म्हणाली. "त्यांना कळवायला तर हवं."

"तीनदा लावला. लग्नात आहेत, कुठला ऐकू जाणार?" कल्याणनं ट्यूनर खिशातून काढून पुन्हा एकदा बघितला, जसा काही सेल मधल्या वेळात परत आला असेल.

"टाका तो खिशात. समोर बघून चालवा!"

हा ट्यूनर घरात आला होता कल्याण, सालेम आणि आबा या तिघांच्या खुळामुळं. आबा, कल्याणचे वडील, म्हणजे पुंजाराम मास्तर, श्रीगोंद्यातले क्लारनेटवाले. नगरच्या एका लग्नात ते वाजवत असताना हा सालेम गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि त्यांच्या तोंडासमोरच उभा राहिला. आमच्याकडं लग्नात सनईसारखं मिझमार वाजवतात, तुम्ही तसंच वाजवता, असं तो म्हणाला. आठवड्यात तो ऊद घेऊन घरी हजर. कल्याण पुण्यात चार वर्षं हॉटेलांत सॅक्सोफोनवर जॅझ वाजवून आलेला, आता शाळेत संगीत शिकवत होता. त्याला तर खजिनाच सापडला. सालेमच्या मुलखात शब्दांच्या आधी नुसतंच 'दान, दान' म्हणत चाल धरायची रीत होती. ती चाल सालेमनं धरायची, कल्याणनं ती सॅक्सोफोनवर उचलून जॅझच्या झोक्यावर न्यायची, आणि आबांनी दोन्हींच्या मधून क्लारनेट काढायचं. जॅझ म्हणजे काय, असं लंकाबाईंनी विचारलं, तेव्हा कल्याण म्हणाला होता, "आई, नवरदेवाचे मित्र एका गाण्यावर पाऊण तास हलत नाहीत, तेव्हा आबा काय करतात? तेच गाणं, पण दर वेळी नवं. तेच जॅझ." लंकाबाई म्हणाल्या, "म्हंजी येळ काढाया."

पुण्याच्या एका महोत्सवाला आज रात्रीपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. सगळं जमलं होतं, अडलं होतं एका सुरावर. सालेमच्या चालीत कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या अगदी मधोमध एक सूर होता. पेटीवर तो नाही, कारण पेटीला तिथं पट्टीच नाही. उदाला पडदे नसतात, तिथं बोट नेमकं टेकलं की तो निघायचा. क्लारनेटवर तो काढायला आबा भोकावरचं बोट अर्धं उचलायचे आणि ओठ सैल सोडायचे. पण कल्याणचा ट्यूनर त्या सुराला लाल दिवा दाखवायचा. हिरवा लागायचा तो कोमलला नाहीतर शुद्धला.

आज सकाळी यावरून चांगलीच जुंपली होती. धनश्री सानूला भरवत दारातच बसली होती.

"आबा, महोत्सवातली माणसं म्हणतील, मास्तर बेसुरा आहे," कल्याण म्हणत होता. "कुठं किती खाली ते ठरलं पाहिजे. ट्यूनर बघून एक जागा पक्की करू."

"त्या डब्याला काय कळतंय? त्यो लाल झाला म्हंजी सूर मेला का?"

"तसं नाही, पण काहीतरी माप हवं की नको?"

आणि सालेम बिचारा मधे. उदाच्या मानेला तो चिमट्यासारखा ट्यूनर लावलेला, त्याची नजर दिव्यावर, आणि एरवी सहज पडणारं बोट चाचपडत फिरणारं. लाल. लाल. हिरवा, पण चुकीचा. पुन्हा लाल. शेवटी त्यानं तो काढून आत नेऊन ठेवला. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. काष्टीचं लग्न होतं. आबांनी लाल कोट चढवला, झुपकेवाली टोपी घातली. त्या टोपीच्या अस्तरात त्यांची सगळी दौलत असायची, क्लारनेटच्या तोंडाला लावायच्या सुट्या पत्त्या, रक्तदाबाची गोळी, देवाचा अंगारा. आत जाऊन काहीतरी घेऊन आले, सानूचा गालगुच्चा घेतला आणि गेले.

"वहिनी," मागून सालेम म्हणाला. तो पुढच्या सीटच्या पाठीला धरून वाकला होता. "ती झोपते का?"

धनश्रीनं दचकून खाली पाहिलं. सानूचे डोळे अर्धे मिटले होते.

"झोपायची वेळ झालीय तिची. अडीचला झोपते रोज." आणि मग, "झोपच असेल ना हो? गुंगी नसेल ना?"

सालेमनं सानूच्या तळपायाला हळूच टिचकी मारली. तिनं पाय ओढून घेतला आणि त्याच्याकडं रागानं पाहिलं.

"झोप," तो म्हणाला. "राग आला म्हणजे चांगला."

फोन वाजला. लंकाबाई. "आगं, समदी खोली झाडली. केरसुनीनं, मंग हातानं. न्हाई गावला. धने..." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी तिला एकलं सोडाया नको हुतं गं. म्या बसले आसते तर?"

धनश्रीच्या मनात गेला पाऊण तास हेच चाललं होतं, आणि आता सासूबाईंच्या तोंडून ते ऐकवेना. "मीच न्हायला गेले होते आई," एवढंच ती म्हणाली.

काष्टीच्या अलीकडं गाडी थांबली.

पुढं दोन टेम्पो, एक ट्रॅक्टर, पाचसात मोटरसायकली. आणि त्यांच्याही पुढं, रस्ता भरून, फेट्यांची गर्दी. घोड्यावर नवरदेव. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, ते पारणं निघालं होतं. बँडच्या गाडीवरचा भोंगा उन्हात लखलखत होता.

कल्याणनं हॉर्न दाबला. मोटरसायकलवाल्यानं मागं वळून पाहिलं. "उडत जायचंय का, दाजी?"

"दुसरा रस्ता?" धनश्रीनं विचारलं.

"बाजारतळावरून आहे. पण तिथं मांडव घातलाय."

तीन वाजून पाच मिनिटं. धनश्रीनं काच खाली केली, आणि तेव्हा तिला क्लारनेट ऐकू आलं. सिनेमातलं नेहमीचं गाणं, जे प्रत्येक वरातीत वाजतं. पण ओळीच्या शेवटी तो सूर घसरत खाली आला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन थांबला. कोमलच्या वर, शुद्धच्या खाली.

"आबा!" कल्याण म्हणाला. "अरे, हा तोच सूर लावतायत ते! वरातीत!"

"कल्याण!" नवऱ्याला तिनं आजवर चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती.

पुढचं तिनं काही ऐकलं नाही. सानूला छातीशी धरून ती गाडीतून उतरली आणि चालू लागली, मग पळायलाच लागली. मागून सालेम धावला. नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून कोपरानं वाट काढताना कुणीतरी म्हणालं, "आवो ताई, नाचायचं तर बाळाला द्या की कुनाकडं." हलगीचा आवाज छातीत आदळत होता. सानूनं आता भोकांड पसरलं होतं. रड, धनश्रीच्या मनात आलं. रड, म्हणजे श्वास चालू आहे.

पुंजाराम मास्तर घोड्यापुढं उलटे चालत वाजवत होते. डोळे मिटलेले. त्यांचा एक नेम होता, आणि तो पंचक्रोशीत माहीत होता. नवरदेव एकदा घोड्यावर बसला, की मारुतीच्या पायरीपर्यंत मास्तर क्लारनेट ओठापासून काढत नसत. पाऊस आला, घोडा उधळला, एकदा तर गावात भांडण जुंपलं, तरी काढलं नव्हतं. मधे थांबणं म्हणजे नवरा-नवरीला अपशकून.

"आबा!"

डोळे मिटलेलेच.

"आबा, रस्ता द्या! सानूनं सेल गिळलाय!"

त्यांनी डोळे उघडले. समोर सून, पदर घसरलेला, केस ओले, हातात किंचाळणारी नात. क्लारनेट ओठापासून निघालं. एक ओळ अर्धवटच राहिली. मागचे कॉर्नेटवाले गोंधळून थांबले, हलगी चार ठोके एकटीच वाजली आणि तीही थांबली.

एवढ्या माणसांत एकदम शांतता पडली. घोडा फुरफुरला.

"ओ मास्तर, दम लागला का?" मागून कुणीतरी ओरडलं. नवरदेवाचे मामा, भिमाजी, पुढं आले. "मास्तर, पारण्याला थांबायचं न्हाई, म्हाईत हाय ना तुमाला?"

पुंजाराम मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. "कसला शेल म्हनलीस?"

"ट्यूनरचा! तो चिमटा, सकाळचा. झाकण उघडं होतं, ती शेजारी बसली होती. दौंडला एक्स-रेला चाललोय, पावणेचारच्या आत पोचलं पाहिजे. आबा, लोकांना बाजूला करा, पाया पडते..."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी क्लारनेट काखेत धरलं, दोन्ही हातांनी टोपी काढली आणि उलटी केली. अस्तराच्या दुमडीत बोटं घातली. एक पत्ती निघाली. दुसरी पत्ती. गोळीचं पाकीट. अंगाऱ्याची पुडी. मग तळहातावर काहीतरी चकाकलं.

गोल. चपटं.

"हितं हाय," ते म्हणाले. "मीच काढला हुता."

धनश्रीला आधी ते कळलंच नाही. ती त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं तो सेल उचलला, आणि पहिला प्रश्न तिच्या तोंडून निघाला तो असा, "हा त्यातलाच कशावरून?"

कल्याण धापा टाकत पोचला होता. त्यानं ट्यूनर दिला. तिनं स्वतःच्या हातानं सेल खोबणीत बसवला, बटण दाबलं. दिवा लागला.

"यात एकच असतो ना? सालेम, एकच ना? दोन नाही ना?"

"एकच, वहिनी. अल्लाची शपथ, एकच."

"घरात अजून असा ट्यूनर?"

"नाही गं," कल्याण म्हणाला. "नाही. एकच आहे."

मग तिनं ट्यूनर कल्याणच्या हातात कोंबला. बँडच्या गाडीचा कठडा धरून ती उभी राहिली, आणि घशातून जे बाहेर पडलं ते रडणं होतं की ओरडणं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"विचारायचं तरी होतं आबा! झाकण तरी लावायचं! मी तासभर हिच्या आत भोक पडताना बघतेय, तासभर!"

सासऱ्यांशी ती आजवर असं बोलली नव्हती. भरलेल्या रस्त्यात तर नाहीच. पुंजाराम मास्तर उन्हात उघड्या डोक्यानं तिच्यासमोर उभे होते, उलटी टोपी हातात तशीच.

"त्या दिव्याच्या भ्यानं पोरगं चुकाया लागलं," ते हळूच म्हणाले. "डोळं दिव्यावर, कान बंद. म्हनलं, काढून घेऊ, सांजच्याला देऊ. वर टेम्पोवाला हारन मारीत हुता. झाकन लावाया लागलो तर बसना. म्हनलं, हूं दे." ते थांबले. "चुकलं माजं."

भिमाजीमामांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फेटा सारखा केला, खाकरले. "पोरगी ठीक हाय ना? मंग झालं तर. वाजवा मास्तर."

मास्तरांनी टोपी घातली, क्लारनेट ओठांना लावलं. फुंकर गेली, सूर आला नाही. पुन्हा लावलं. नुसतीच फर्र. ओठ थरथरत होते, आणि थरथरत्या ओठांना पत्ती कशी दाद देणार? त्यांनी हात वर करून कॉर्नेटवाल्याला खूण केली. त्यानं गाणं उचललं, हलगी पडली, घोडा पुढं सरकला. मास्तर चालत राहिले, क्लारनेट ओठांशी धरून, न वाजवता, पार मारुतीच्या पायरीपर्यंत. नेम तेवढाच राहिला.

धनश्री रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसली आणि तिनं सानूला पाजायला घेतलं. सालेम पाठ करून उन्हाच्या बाजूला उभा राहिला. कल्याण लंकाबाईंना फोनवर सांगत होता, आणि पलीकडून आबांना घातलेल्या शिव्या फोन कानापासून लांब धरूनही ऐकू येत होत्या.

"तरी एक्स-रे काढून घ्यायचा का?" धनश्रीनं विचारलं.

"नको," सालेम म्हणाला. "पण तुम्हाला वाटला, तर मी पण येतो."

तिनं सानूच्या घशाखालून उतरणाऱ्या घोटांकडं पाहिलं. एक, दोन, तीन. अडत नव्हतं कुठं. "नको," ती म्हणाली. हे दोन अक्षरी नको म्हणताना तिला जेवढी ताकद लागली, तेवढी पळतानाही लागली नव्हती.

संध्याकाळी साडेसहाला सगळे पुन्हा सामानाच्या खोलीत जमले. सेलवर धनश्रीनं दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळली होती आणि तो कपाटावरच्या डब्यात टाकला होता. फ्रिजवरच्या कागदात एक ओळ वाढली होती. आबांनी ती वाचली आणि चेष्टा केली नाही. लंकाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. चहाही त्यांनी सुनेच्या हातून पाठवला.

"आता ट्यूनर नाही तर जागा कशी पक्की करायची?" कल्याणनं विचारलं. आवाजात सकाळचा जोर नव्हता.

आबा पत्ती ओली करत होते. "सूनबाईला इचार."

"मला?" धनश्री म्हणाली. "मला सूर कुठं कळतो आबा?"

"पोरगी भुकंनं रडती का झोपंनं, हे तू सैपाकघरातून सांगतीस. लंका बाजूला बसून चुकती." लंकाबाईंनी तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. "तुजा कान बारीक हाय. सालेम वाजवंल. मी तिथं येतो. पोचलो का न्हाई, तेवढं सांग."

सानू गादीवर झोपली होती. धनश्री तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, एक हात सानूच्या पाठीवर. सालेमनं डोळे मिटून तार छेडली. समोर दिवा नव्हता, आणि त्याचं बोट चाचपडलं नाही. थेट त्या जागी जाऊन टेकलं. 'दान,' तो गुणगुणला, 'दान, दान.' खालून कल्याणचा सॅक्सोफोन हळू आला, झोका देत, थोडा उशिरा पाऊल टाकल्यासारखा. मग क्लारनेट. आबांनी बोट अर्धं उचललं, ओठ सैल सोडला, सूर खाली उतरू लागला.

धनश्री ऐकत होती. अजून वर आहे. अजून वर. आता येतोय. आणि नेमकं त्याच क्षणी तिच्या हाताखाली सानूची पाठ जरा जास्त वेळ स्थिर राहिली.

तिची मान खाली गेली. सानूनं झोपेत एक मोठा उसासा टाकला, कूस बदलली, पाठ पुन्हा वर, पुन्हा खाली.

वाजवणं थांबलं होतं. तिघंही तिच्याकडं बघत होते.

"काय?" आबांनी विचारलं. "पोचलो का?"

"परत एकदा वाजवा," धनश्री म्हणाली.

"चुकलं का?" सालेमचा चेहरा पडला.

"नाही हो." तिनं डोळे पुसले. "मी सानूकडं बघत होते."

कोपऱ्यातून लंकाबाई हसल्या, दुपारपासून पहिल्यांदाच. आबांनी पत्ती पुन्हा ओली केली. सालेमनं तार छेडली, आणि सगळे परत पहिल्यापासून निघाले.